धुक्यामागचा डोंगर

काही वर्षांपूर्वीच्या डिसेंबरातली गोष्ट. पहाटेच्या विमानानं पुण्याला जायचं म्हणून रात्री तीनलाच घर सोडलं आणि देवनहळ्ळीच्या विमानतळावर येऊन बसलो. उजाडलं, पण काचेपलीकडे काही दिसेना. कुठंतरी एखादा दिवा लुकलुकायचा, बाकी सगळं दुधात बुडालेलं. ध्वनिक्षेपकावरून तीन भाषांत एकच गोष्ट सांगणं चाललं होतं. कन्नडमध्ये ‘दट्ट मंजु’, हिंदीत ‘घना कोहरा’, इंग्रजीत नुसतंच ‘फॉग’. चौथी भाषा मी मनातल्या मनात पुरवली. दाट धुकं.

‘दट्ट’ म्हणजे आपलं ‘दाट’च. शेजारच्या दोन घरांत विरजणाची वाटी फिरावी तसे काही शब्द कन्नड आणि मराठीत फिरत असतात. ‘मंजु’ मात्र आपल्याकडे आला नाही. कन्नडमध्ये धुकंही मंजु आणि बर्फही मंजु. मल्याळममध्ये तर दवसुद्धा त्यातच. मराठीनं हे हिशेब वेगवेगळे ठेवलेत: धुकं, दव, हिम, बर्फ, शिवाय कोकणात धुई आणि जुन्या बोलण्यात धुकट.

हा शब्दांचा घोळ त्या दिवशी डोक्यात असायला कारण होतं. माझ्या पिशवीत एका लेखाचा खर्डा होता. एम. टी. वासुदेवन नायर यांच्या ‘मंजु’ या १९६४ सालच्या छोट्या मल्याळम कादंबरीवरचा. मी ती इंग्रजीतून, ‘मिस्ट’ या नावानं वाचली होती आणि अडेल तिथं आमच्याच मजल्यावरच्या मल्याळी शेजारणीचं दार वाजवलं होतं. शीर्षक मराठीत कसं द्यावं हे विचारलं, तर त्या म्हणाल्या, “तुम्हाला तीन वस्तू मिळताहेत आणि तुम्ही एकच उचलून निघालात.” मी ‘धुकं’ उचलून निघालो होतो. खर्ड्यात एक वाक्य होतं, लिहिताना फार आवडलेलं. कादंबरीवर धुक्यासारखी एक धूसर, हळवी उदासी पसरली आहे, असं काहीसं. खरंखुरं धुकं समोर असताना ते वाक्य वाचलं आणि लाज वाटली. त्यात ना कादंबरी होती, ना धुकं.

असली वाक्यं मी वीसेक वर्षं लिहीत आलो आहे. मराठीतले बरेच समीक्षक लिहितात. कविता कळली नाही की ‘धूसर’, आवडली पण का ते सांगता येत नाही तेव्हा ‘तरल’, आणि दोन्ही एकदम झालं की ‘धुक्याची शाल पांघरलेली’. एकदा अशाच एका परीक्षणाचं कात्रण मी मालवणच्या मामाला दाखवलं होतं. त्याची आंब्याची शंभरेक कलमं. त्यानं ते नीट वाचलं आणि विचारलं, “धुक्यासारखी म्हणजे चांगली काय वायट रे?” मी हसलो. तो हसला नव्हता. त्याच्या लेखी धुई म्हणजे मोहोरावरची आपत्ती. हवा दमट, ऊन उशिरा, झाडावर ओल राहते. मग भुरी येते, तुडतुडे येतात, मोहोर काळा पडून गळतो. नाशिककडच्या द्राक्षवाल्याला विचारा, तोही धुक्याचं नाव काढलं की आधी औषधफवारणीचा खर्च सांगेल. धुकं हे त्यांच्यासाठी कशाचंच प्रतीक नाही. आणि मला आता वाटतं की ते कुणाचं तरी प्रतीक व्हायचं असेल तर आधी त्यानं तेवढं खरं असायला हवं.

मराठी साहित्यात धुकं आहे कुठं, हा प्रश्न मी विमान येईपर्यंत स्वतःला विचारत बसलो. उत्तर जरा अनपेक्षित निघालं. शब्द सगळीकडे आहे, वस्तू फार थोड्या ठिकाणी. आपल्याकडे अनिश्चिततेचं काम पिढ्यान् पिढ्या संध्याकाळीनं केलं आहे. जी. ए. कुलकर्णींच्या संग्रहांची नावंच पाहा: ‘काजळमाया’, ‘सांजशकुन’, ‘पिंगळावेळ’. ग्रेस यांचा पहिला संग्रह १९६७चा, ‘संध्याकाळच्या कविता’. कातरवेळ, तिन्हीसांज, दिवेलागण, झांजड. मावळत्या उजेडासाठी मराठीत जेवढे शब्द आहेत तेवढे धुक्यासाठी नाहीत. आणि हे दोन संधिप्रकाश एकसारखे नाहीत. संध्याकाळ ही वेळ आहे. तिच्यानंतर काय येणार हे पोराटोरांनाही ठाऊक असतं, म्हणून ती हुरहूर लावते. धुक्यानंतर काय येणार ते ठाऊक नसतं. ते किती वेळ राहील याची शाश्वती नसते, आणि त्यात उभं असताना आपण डोंगराच्या कडेला आहोत की घराच्या ओट्याला हेही कळत नाही. फेलिनीच्या ‘आमारकोर्द’मध्ये (१९७३) एक म्हातारा धुक्यात बाहेर पडतो आणि हरवतो. सगळं नाहीसं झालेलं पाहून मरण म्हणजे हेच की काय, अशा विचारानं तो घाबरतो. मग एक घोडागाडीवाला येतो आणि सांगतो की तुम्ही तुमच्याच दारासमोर उभे आहात. दोन मिनिटांचा प्रसंग. संध्याकाळ हे काम करू शकली नसती.

जी.एं.ना आणि ग्रेसना ‘धुकं’ चिकटवणाऱ्या समीक्षेशी माझं म्हणूनच भांडण आहे, आणि त्या समीक्षेत माझीही पानं आहेत. जी.एं.च्या कथेत वस्तू कशा दिसतात? कडक दिसतात. भिंतीचा पोपडा, माणसाच्या हातावरचा डाग, दगडावरची चीर, सगळं चिरेबंद. दिसत नाही ती फक्त नियती. ग्रेसच्या कवितेतही एकेक प्रतिमा घ्या, ती लख्ख असते. दोन प्रतिमांमधला पूल काढून घेतलेला असतो. याला धुकं म्हणत नाहीत. धुकं होतं ते त्यांच्या अनुयायांत. त्यांनी पूल तर काढलेच, प्रतिमाही पुसून टाकल्या, आणि आम्ही लोकांनी त्याला वातावरण म्हटलं.

दुसरी एक गफलत भूगोलाची आहे. हवामानशास्त्रात दृश्यता १,००० मीटरच्या खाली गेली तरच धुकं म्हणतात, त्याहून विरळ असेल तर ते नुसतं धूसर वातावरण. बेंगळुरूचं धुकं हिवाळ्यातलं. समुद्रसपाटीपासून नऊशे मीटरवरचं हे शहर; निरभ्र रात्री जमीन थंड होते, तिच्यालगतच्या हवेतली वाफ बारीक थेंबांत साकळते आणि ऊन वर आलं की विरते. त्यात पाऊस नाही, वारा नाही, आवाजही कमी. आपलं साहित्यातलं धुकं मात्र बहुतेक वेळा खंडाळ्याचं, माथेरानचं किंवा आंबोलीचं, म्हणजे जुलै-ऑगस्टातलं. ते खरं तर ढगच. घाटाला अडून वर चढताना आपल्या अंगावरून जातात. त्याला वारा असतो, पाणी असतं, आणि बरोबर भजीची गाडीही असते. सहलीतून आलेलं हे धुकं आपल्या भावगीतांत शिरलं आणि तिथं त्याची आणखी एका शब्दाशी सोयरीक जुळली. हिंदीत ‘धुंध’ म्हणजे धुकं, मराठीत ‘धुंद’ म्हणजे नशेत असलेला. ‘धुंद हवा’ म्हणताना मराठी माणसाला नेमकं काय म्हणायचं असतं हे त्यालाही सांगता येत नाही. कन्नडमधला ‘मब्बु’ हाच खेळ उघडपणे खेळतो: मंद उजेडही मब्बु आणि नशेची गुंगीही मब्बु. तेव्हा हे एकट्या मराठीचं पाप नव्हे.

सिनेमात गोष्ट जास्त मजेची होते, कारण मुंबईत धुकं पडत नाही. ते पाडावं लागतं. मालाडच्या बॉम्बे टॉकीजमध्ये १९४९ साली ‘महल’ तयार झाला तेव्हा कॅमेऱ्यामागे जोसेफ व्हिर्शिंग हा जर्मन छायालेखक होता. हिंदी सिनेमाच्या पुढच्या पंधरा-वीस वर्षांच्या भुताटकीचा साचा त्या चित्रपटानं पाडला: ओसाड हवेली, झुलता दिवा, आणि जिथं जायचं तिथं जाऊ न देणारा अंधुक उजेड. पुढं बीरेन नाग यांनी ‘बीस साल बाद’ (१९६२) आणि ‘कोहरा’ (१९६४) काढले. एकात ‘हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’ची छाया, दुसऱ्यात ‘रिबेका’ची. नाग मूळचे कलादिग्दर्शक, हे या चित्रपटांत दिसतं. धुकं त्यांच्यासाठी सामान आहे, पडद्यासारखं, झुंबरासारखं. मला हे चित्रपट आवडतात, पण भीती वाटत नाही. त्यांत धुकं आधी येतं आणि मग त्याच्यामागं काय ठेवायचं याची शोधाशोध सुरू होते.

या सगळ्यांत वेगळा निघतो तो बिमल रॉय यांचा ‘मधुमती’ (१९५८). त्याच्या चित्रीकरणाची हकीकत चित्रपटाइतकीच चांगली आहे. मंडळी नैनितालला गेली, बाहेरची दृश्यं चित्रित करून परतली, रिळं धुऊन पाहिली तर बरीचशी खराब. फिल्मवर नको तो उजेड पडून ती पांढुरकी झाली की छायाचित्रणाच्या धंद्यात तिला ‘फॉग’ झाली म्हणतात. तेव्हा नैनितालच्या रिळांवर पसरलं ते असं रासायनिक धुकं. पुन्हा एवढ्या लांब जाणं परवडणारं नव्हतं. मग इगतपुरीजवळ वैतरणा धरणाच्या परिसरात नैनितालशी जुळणारे पाइन वृक्ष उभे केले, बराच भाग गोरेगावच्या आरे कॉलनीत उरकला, आणि हवं ते धुकं गॅसचे बॉम्ब फोडून तयार केलं. नको तिथं पडलेलं धुकं पुसायला हवं तिथं धुकं पाडावं लागलं.

आणि तरीही ‘मधुमती’तलं धुकं खोटं वाटत नाही. का, याचा मी बराच विचार केला आहे. पटकथा ऋत्विक घटक यांची. वरवर पुनर्जन्माची गोष्ट, पण तिचा कणा म्हणजे एक गुन्हा. जमीनदार उग्रनारायणच्या हवेलीत मधुमतीचा मृत्यू झाला आहे आणि तो त्याच्या तोंडून वदवून घ्यायचा आहे. त्यासाठी मधुमतीसारखी दिसणारी एक मुलगी तिचं भूत बनून त्याच्यासमोर येणार असते. येते, प्रश्न विचारते, तो कबूल करतो. नंतर नायकाच्या लक्षात येतं की भुतानं विचारलेल्या प्रश्नांत मधुमतीला कुठं पुरलं हेही होतं, आणि ते तर त्याला स्वतःलाही ठाऊक नव्हतं. चित्रपटाचं सगळं गूढ या एका तपशिलावर तोललेलं आहे. पुरलेली जागा नेमकी आहे, म्हणून तिच्यावरचं धुकं पेलतं.

सत्यजित राय यांच्या ‘कांचनजंघा’त (१९६२) हीच गोष्ट भुताशिवाय घडते. हा त्यांचा पहिला रंगीत चित्रपट आणि स्वतःच्या मूळ कथेवरचाही पहिला. कलकत्त्याचा एक बडा उद्योगपती, रायबहादूर इंद्रनाथ, सहकुटुंब दार्जिलिंगला आला आहे. सुट्टीचा शेवटचा दिवस. शिखर अजून दिसलेलं नाही. धाकट्या मुलीनं, मनीषानं, एका चांगल्या पगाराच्या तरुणाला होकार द्यावा अशी त्यांची इच्छा आहे, आणि इंद्रनाथांची इच्छा म्हणजे घरातला कायदा. मग दीड-पावणेदोन तास माणसं नुसती फिरतात. रस्त्यांवरून, वळणांवरून, दोघं-दोघं. चित्रपटाची वेळ आणि गोष्टीची वेळ जवळजवळ एकच. ऊन जातं, ढग येतात, धुकं उतरतं, आणि धुकं उतरतं तशी एकेका माणसाची जीभ सैल होते. थोरली मुलगी आणि तिचा नवरा आपल्या मोडक्या संसाराबद्दल प्रथमच खरं बोलतात. आयुष्यभर गप्प राहिलेली आई एका बाकावर एकटी बसून गाते. आणि अशोक नावाचा बेकार तरुण इंद्रनाथांनी देऊ केलेली नोकरी तोंडावर नाकारतो. नंतर तो स्वतःच म्हणतो की कलकत्त्यात असतो तर कदाचित घेतली असती.

मराठी वाचकाला हे ओळखीचं वाटेल. गावात जे बोलता येत नाही ते यात्रेच्या वाटेवर बोलता येतं. पण रायांनी धुक्याला जे काम दिलं आहे ते आपल्या हळव्या धुक्याच्या अगदी उलट. इथं धुकं माणसांना झाकत नाही. ते आजूबाजूचा समाज झाकतं, त्यामुळे माणसं उघडी पडतात. शेवटी धुकं फिटतं. समोर कांचनजंघा, सगळीच्या सगळी. ज्या माणसाला ती पाहायची होती तो ठरलेल्या जागी येऊन पोचतो, तिथं त्याच्या घरातलं कुणी नाही, आणि घरच्यांना शोधण्याच्या नादात तो वर बघायचाच विसरतो. डोंगर सबंध चित्रपटभर तिथंच होता. राय तो शेवटी नव्यानं आणून ठेवत नाहीत.

माझ्या शहरातल्या लोकांना याच जातीचा आणखी एक चित्रपट आपला वाटतो. पुट्टण्णा कणगाल यांचा ‘बेळ्ळि मोड’, म्हणजे ‘रुपेरी ढग’, १९६७चा. त्रिवेणी यांच्या कादंबरीवरून केलेला, चिकमगळूरकडच्या डोंगराळ मुलखातला. मळ्याच्या मालकाची एकुलती एक मुलगी इंदिरा. तिचं लग्न मोहनशी ठरतं, त्याच्या शिक्षणाचा खर्च तिचे वडील करतात. मग अचानक त्या घरात मुलगा जन्मतो. मालमत्तेला वारस आला, आणि मोहनचं प्रेम आटलं. पुढं तो जायबंदी होतो, इंदिरा त्याची सेवा करते, तो सुधारतो, पश्चात्ताप पावतो आणि आता लग्नाला तयार होतो. ती नाही म्हणते. कल्पना या अभिनेत्रीनं ते नाही फार थंडपणे म्हटलं आहे. पहिल्यांदा मी तो चित्रपट रविवारी दुपारी टीव्हीवर पाहिला तेव्हा कन्नड अर्धंच कळत होतं, पण ते ‘नाही’ पूर्ण कळलं.

या चित्रपटात पहाटेचं एक गाणं आहे, एस. जानकींच्या आवाजातलं. शब्द द. रा. बेंद्रे यांच्या एका जुन्या कवितेचे. बेंद्र्यांच्या घरची भाषा मराठी, कविता कन्नड, गाव धारवाड. आणि त्याच धारवाडात पुढं जी. ए. कुलकर्णी इंग्रजी शिकवत होते, मराठी लिहीत होते. एका गावात मराठी घरातला कन्नड कवी उजाडण्याचं गाणं लिहितो आणि कन्नड मुलखातला मराठी कथाकार सांज लिहितो, यातून मी काही सिद्धांत काढणार नाही. पण ‘बेळ्ळि मोड’मध्ये त्या गाण्यातला उजेड जे करतो ते पाहण्यासारखं आहे. डोंगरउतारांवर ढग रेंगाळलेले, सगळं सुंदर, सगळं अस्पष्ट, आणि पुढच्या दोन तासांत कळतं की त्या सौंदर्याच्या आत एक वाटणीपत्र होतं. ढगाला किंमत होती. इंदिराला ती उशिरा कळली, प्रेक्षकालाही.

मराठी माणसांनी केलेल्या अलीकडच्या चित्रपटांत धुक्याचं काम पाऊस करतो, आणि मला वाटतं हे प्रामाणिक आहे. आपल्याकडे पावसाचंच राज्य. अविनाश अरुण यांच्या ‘किल्ला’त वडील गेलेला एक मुलगा आईच्या बदलीमुळे कोकणात येतो, आणि एका प्रसंगी मित्र त्याला भर पावसात किल्ल्यात एकट्याला सोडून जातात. भिंती दिसताहेत, वाटा दिसताहेत, माणूस नाही. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हिंदीत असला तरी त्याची माती आपली. त्यातला पाऊस थांबतच नाही, सगळं जग शेवाळी. पण त्या ओल्या काळोखात हिशेब किती चोख आहे: पिठाची बाहुली, रिंगण, कमरेच्या वस्त्रातून सांडणारी नाणी, बाहेर यायला मिळणारे मोजके क्षण. भीती त्या हिशेबाची वाटते. डिकन्सनं ‘ब्लीक हाउस’च्या (१८५२-५३) सुरुवातीला लंडनभर पसरवलेल्या धुक्याच्या मधोमध नेमकं चॅन्सरी कोर्ट बसवलं होतं, जिथं वारसांच्या पिढ्या खटल्यांत खपत होत्या. बर्व्यांना डिकन्स आठवला असेल असं नाही. पण धंदा तोच.

इथवर माझं म्हणणं सरळ दिसतं: धुक्यामागं डोंगर हवा. पण ज्या कादंबरीपासून मी निघालो तिनंच याला खोडा घातला. ‘मंजु’त डोंगर नाही. विमला नैनितालच्या शाळेत शिक्षिका आहे. हंगाम सुरू होतो, प्रवासी येतात, आणि ती सुधीरकुमार मिश्राची वाट पाहते. तो येत नाही. कादंबरी संपते तेव्हाही आलेला नसतो. निर्मल वर्मांच्या ‘परिंदे’तली लतिकाही अशीच डोंगरावरच्या शाळेत थांबून राहिलेली, आणि या दोघींची तुलना पूर्वी बरीच झाली आहे. इथं धुकं फिटलं तरी पलीकडे रिकामी जागा. मग माझा नियम मोडला का?

विमानतळावर पुन्हा चाळताना मला बुद्दू दिसला. तळ्यावरचा नावाडी पोरगा. त्याचा बाप कुणी गोरा साहेब, कधीकाळी नैनितालला येऊन गेलेला. बुद्दूजवळ त्याचा एक फोटो आहे. दर हंगामात उतरणाऱ्या गोऱ्या चेहऱ्यांत तो त्या फोटोतला चेहरा शोधतो. आणखी एक सरदारजी आहेत, ज्यांना आपलं मरण जवळ आल्याचं ठाऊक आहे. ते विमलाला आपल्याला ती आवडते असं सांगतात आणि त्यापुढं काही मागत नाहीत. एम. टीं.नी पलीकडे काही ठेवलं नाही हे खरं, पण अलीकडे किती नेमकं ठेवलं आहे. एक फोटो, एक आजार, एक हंगाम. माझ्या वाक्यातली ‘धूसर, हळवी उदासी’ या पोराच्या खिशातल्या फोटोवर मी घातलेलं झाकण होतं. पलीकडे डोंगर नसेल तर अलीकडे फोटो तरी हवा, असा नियम मी दुरुस्त करून घेतला. तो पुन्हा मोडला तर पुन्हा बघू. थिओ अँजेलोपुलोस यांच्या ‘लँडस्केप इन द मिस्ट’मध्ये (१९८८) दोन भावंडं जर्मनीत कधीच नसलेल्या बापाला शोधत निघतात आणि शेवटी धुक्यात एक झाड लागतं. त्या झाडाशी माझं अजून जमलेलं नाही.

हे सगळं शैलीपुरतं असतं तर मी एवढं ताणलं नसतं. ७ डिसेंबर १९४१ला नाझी राजवटीनं एक फर्मान काढलं. व्यापलेल्या देशांतल्या विरोधकांना असं उचलायचं की घरच्यांना त्यांचा पत्ता, खबर, थडगं काहीही मिळू नये. त्या फर्मानाचं नाव ‘रात्र आणि धुकं’. इतकं काव्यात्म नाव एखाद्या संग्रहाला शोभलं असतं. आलँ रेने यांनी १९५६ साली छळछावण्यांवर माहितीपट केला तेव्हा तेच नाव घेतलं. निवेदन लिहिलं ते या फर्मानाखालीच माउटहाउझेनला नेल्या गेलेल्या जाँ केरोल या कवीनं. शीर्षकात धुकं आहे, पडद्यावर नाही. रंगीत दृश्यांत छावण्यांचं आजचं रूप दिसतं: गवत, विटा, काटेरी तारा, रुळ. कॅमेरा सावकाश सरकतो आणि एकेक वस्तू दाखवतो. राज्यकर्त्यांनी धुकं ही भाषा म्हणून वापरली, कवीनं आणि दिग्दर्शकानं ती वापरायला नकार दिला.

आमच्या शहराला याची लहान प्रत ठाऊक आहे. बेळ्ळंदूर तळ्यावर मध्यंतरी वर्षानुवर्षं फेस साचायचा, पांढरा, पुरुषभर उंच, वारा आला की रस्त्यावर उडायचा. लांबून काढलेल्या छायाचित्रांत ते तळं काश्मीरसारखं दिसे. फेब्रुवारी २०१७मध्ये त्याच तळ्याला आग लागली आणि पांढऱ्या धुराचे लोट वसाहतींवर पसरले. त्या पांढऱ्यामागं काय आहे ते साऱ्या शहराला माहीत होतं: प्रक्रिया न केलेलं सांडपाणी आणि साबणांतली रसायनं. त्या सुमारास एका काव्यवाचनाला मी होतो, अर्थात मराठी. एका कवीनं तळ्यावरच्या ‘शुभ्र धुक्या’वर कविता वाचली. बरी होती. टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होतो, आणि परतताना रिक्षात बसलो तेव्हा नाकाला रुमाल लावावा लागला.

साडेआठच्या सुमारास काचेबाहेर आधी एक शेपूट दिसलं, मग पंख, मग पंखाखाली उभा असलेला पिवळ्या जाकिटातला माणूस. तो डबा उघडून काहीतरी खात होता. इतका वेळ तो तिथंच होता. मी खर्ड्यातलं ते वाक्य खोडलं आणि समासात लिहिलं, ‘बुद्दूचा फोटो’. शीर्षकाचं भाषांतर करायचं नाही असंही ठरवून टाकलं. ‘मंजु’ तसंच राहू दे, तिन्ही वस्तूंसकट.

पुण्यात उतरल्यावर मामाला फोन लावला. मोहोर कसा आहे विचारलं. तो म्हणाला, “धुई हा अजून. दहा वाजले तरी समोरचा कलम दिसना नाय.”